तुझ्या हाताला पेशी जगायच्या

नफीसा,

काल लॅबमध्ये तुझ्या हूडसमोर आता कोण बसणार यावरून कुजबुज झाली. नव्या आलेल्या दोन मुलींपैकी एकीने सरांना सरळ विचारलंच. तिचं काही चुकलं नाही. ते काचेचं कपाट तू गेल्यापासून बंद पडून आहे आणि बाकीच्या दोन कपाटांसमोर रांग लागते. पण मी तिच्याकडे अशा काही नजरेने बघितलं की ती हातमोजे आणते म्हणून गेली, ती जेवायच्या सुट्टीपर्यंत परत आली नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुवर्णे, जागा काय तुझ्या बापाची आहे?" नाही, माझ्या बापाची नाही. माझा बाप वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी वाहत होता. पण त्या जागेवर बसणाऱ्या बाईवर जळायचा हक्क माझा आहे. इतकी वर्षं तो मी एकटीने सांभाळला. आता दुसऱ्या कुणाच्या पाठीकडे बघत मला जळायचं नाहीये.

माणूस गेलं की मनातला मत्सर आपोआप विरतो, असं मला वाटायचं. तसं काही होत नाही. उलट तू असताना तो निदान तुझ्याशी भांडून थोडा उतरायचा. आता तो घेऊन मी कामोठ्याहून बेलापूरला जाते आणि तसाच परत आणते.

आपण दोघी एकाच दिवशी रुजू झालो, हे तुझ्या लक्षात होतं की नाही कोण जाणे. माझ्या आहे. त्याच आठवड्यात हॉस्पिटलमधून मुलांच्या हाडातल्या मज्जेचे पहिले नमुने आले. रक्ताचा कॅन्सर झालेली, बरी होऊन घरी गेलेली आणि पुन्हा आजारी पडून परत आलेली मुलं. सरांनी प्रत्येक नमुना अर्धा तुला दिला, अर्धा मला. या पेशींचं एक चमत्कारिक असतं. मुलाच्या अंगात त्या कुणाला आवरत नाहीत, आणि बाहेर काढून प्लेटमध्ये ठेवल्या की लगेच माना टाकतात. माझ्या मेल्या. मायक्रोस्कोपखाली नुसता राखाडी कचरा दिसत होता. शेजारी तुझी प्लेट ठेवली, तर तुझ्या पेशी गोल, चमकदार, पाण्यावरच्या तेलाच्या थेंबांसारख्या. तोच नमुना, पेशींना जगवायचं तेच मीडियम, ऊब द्यायचा तोच इन्क्युबेटर.

सर म्हणाले, "हिच्या हाताला यश आहे."

शास्त्रज्ञ माणसाने असं बोलावं? मी घरी जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आसतंय बाई एकेकीच्या हाताला. भाकरीचंबी तसंच आसतंय."

मी तुझ्याकडे बघून बघून शिकायचा प्रयत्न केला. तू प्लेट उचलायचीस ती काठोकाठ भरलेलं पातेलं उचलावं तशी. काम चालू असताना फोन वाजला तर मानही वळवायची नाहीस. आणि मी इन्क्युबेटर उघडला की पाठमोरी असूनही तुला कळायचं. "परत उघडलास? अगं त्यांना गार लागतं." मला राहवायचंच नाही. पेशी जगल्यात का मेल्यात, हे आत्ताच्या आत्ता कळायला हवं असायचं. तू म्हणायचीस, तुझ्या पेशी मरत नाहीत, तू त्यांना बघून बघून मारतेस. सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि त्या हसण्यात किती कडू असायचं ते तुला नक्की कळत होतं, कारण त्यानंतर तू माझ्यासाठी चहा आणायचीस.

माझ्या आईचं तर मी काय सांगू. प्रयोग लांबला आणि तुझी उरणची गाडी चुकली की तू आमच्याकडे राहायचीस. पहिल्या वेळी आई जरा अवघडली होती. हिला आपलं चालेल का, आपल्याला हिचं चालेल का. तू पायरीवर चप्पल काढलीस, ओट्यापाशी गेलीस, खर्डा चाटून बघितलास आणि म्हणालीस, "मावशी, यात लसूण कमी पडलाय." मी हे म्हटलं असतं तर उलथनं अंगावर आलं असतं. तुला आईने लसूण सोलायला बसवलं. पुढच्या खेपेला तू उरणचा सुका जवळा घेऊन आलीस आणि माझ्या साताऱ्याच्या आईला तो कसा परतायचा ते शिकवलंस. मग दर शनिवारी लॅबमध्ये आईचा फोन, पहिला प्रश्न, "नफीसा येनार हाय का?" मी एकटी आले तर पुढचा प्रश्न, "तू का आलीस गं एकटीच?"

तू गेल्यावर आईने दोन दिवस चूल पेटवली नाही. म्हणजे गॅसच, पण ती चूलच म्हणते. मी म्हटलं, "आई, मैत्रीण माझी होती." ती म्हणाली, "तुझी मैतरीण होती. माझी कोण होती ते तुला काय ठावं?" नफीसा, मला तिच्या त्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला. तिला तुझ्याशी भांडायचं काही नव्हतं, त्यामुळे तिला सरळ रडता येत होतं.

आणि ती वॉर्डातली दुपार. मी नमुन्याचा डबा आणायला हॉस्पिटलमध्ये गेले होते. आपल्याकडे नमुन्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो, आणि मला ते बरं वाटायचं. मुलांना भेटलं की हात स्थिर राहणार नाही, असं माझं म्हणणं. तुझं म्हणणं उलटं. तू सुट्टीच्या दिवशी वॉर्डात जाऊन मुलांच्या हातावर चित्रं काढायचीस. त्या दिवशी दारातून बघितलं तर सात-आठ वर्षांची एक मुलगी तुझ्याकडे पाठ करून बसली होती. डोक्यावर एक केस नाही. तिने वेणी मागितली होती. मेंदी लावायला डॉक्टरांनी मनाई केली, मग तू त्यांना विचारून नवी कोरी काजळपेन्सिल आणली होतीस आणि तिच्या गुळगुळीत डोक्यावर मधोमध भांग पाडून, मागे मानेपर्यंत एकेक पेड काढत होतीस. तिचे वडील शेजारी उभे. उरणच्या बंदरात कंटेनरची गाडी चालवणारा दांडगा माणूस, हातात आरसा धरून उभा होता, आणि त्या आरशात आधी स्वतःचेच डोळे पुसत होता.

"गजरा पण," ती म्हणाली.

"कसला?"

"अबोलीचा."

"काजळात अबोली कशी येणार गं? काळा गजरा चालेल?"

ती जरा विचार करून म्हणाली, "चालेल."

मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिने विचारलं, या कोण. तू मान वर न करता म्हणालीस, "ही माझी बॉस. हिला विचारल्याशिवाय मी काजळसुद्धा लावत नाही." ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली आणि मी डबा घेऊन निघाले. तू मागून येऊन रिक्षात बसलीस तेव्हा मी म्हटलं, उद्या हिचाच नमुना आला तर? तू म्हणालीस, "नंबर असतो ना. कुठला कुणाचा ते कुठे कळतं. मी सगळे तिचेच समजते." तू इतक्या सहज म्हणालीस की मला चीड आली. मला जे वाक्य जुळवायला आठवडा लागला असता, ते तू रिक्षावाल्याला सुट्टे देता देता बोलून गेलीस.

आता त्या भांडणाकडे येते. ते अर्धं राहिलंय.

एकदाच, नफीसा, इतक्या वर्षांत एकदाच माझं काहीतरी साधलं होतं. ते नवीन औषध. मी पेशींवर घातलं आणि त्या मेल्या, पण या खेपेला त्या मरायलाच हव्या होत्या, आणि शेजारच्या बिनऔषधाच्या प्लेटमधल्या कशाबशा तगल्या होत्या. पुन्हा केलं, पुन्हा मेल्या. वेगवेगळ्या मुलांच्या पेशी, सगळ्या मेल्या. सोमवारच्या मीटिंगला मी पडद्यावर आलेख दाखवला तेव्हा सर खुर्चीत पुढे सरकून बसले. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनाही बोलावलं होतं. ते म्हणाले, यावर पुढे जायला हवं. मी पाणी प्यायला बाटली उचलली आणि तू हात वर केलास.

"सुवर्णाच्या प्लेटमध्ये त्या पेशी एकट्या आहेत," तू म्हणालीस. "मुलाच्या अंगात त्या एकट्या नसतात. मज्जेत आजूबाजूच्या पेशी त्यांना आधार देतात. मी तेच औषध त्या आधाराच्या पेशींसोबत करून बघितलं. मरत नाहीत."

तू उठून तुझा आलेख दाखवलास. तू आलेख काढून तयार आली होतीस.

खाली टपरीवर मी तुला विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?"

"मग काय? तरी सांगायचं. चारचौघांत कापायचं नाही."

"हो, ते चुकलं माझं," तू म्हणालीस. "पण ते डॉक्टर इतके खूश झाले होते. तसेच उठून गेले असते."

"उद्याच कुणी पोरांना औषध देणार नव्हतं. वर्षं जातात त्याला."

"तेच म्हणते मी. वर्षं गेली असती."

मग मी दुसरीकडून धरलं. म्हटलं, तुझे प्रयोग तुझ्याच हाताला जमतात. दुसऱ्या कुणाला जमेपर्यंत ते खरं मानायचं कशावरून? हे काय विज्ञान आहे? ही तर कारागिरी झाली. तुझा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा बाण लागला होता, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. तू कप ठेवलास आणि म्हणालीस, "बरोबर बोललीस. मग ये ना, पुढच्या सोमवारपासून माझ्या शेजारी बस. तू तुझ्या हाताने कर. मी हातसुद्धा लावणार नाही. तुला जमलं तरच खरं."

मी म्हटलं, बसते.

त्या सोमवारी तू तापली होतीस म्हणून आली नाहीस. डेंगी निघाला. आपल्याला वाटलं, होईल बरी, लॅबमधल्या निम्म्यांना होऊन गेलाय. मी हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा तू नर्सला विचारत होतीस, प्लेटलेट किती आल्या. तिने आकडा सांगितला आणि तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास. दुसऱ्यांच्या मोजताना एवढी भीती वाटत नाही, म्हणालीस. ओठ सुकले होते तुझे. मी पाणी दिलं. औषधाचा विषय मी काढला नाही, तूही काढला नाहीस.

"माझ्या प्लेटी बघितल्यास?" तू विचारलंस.

"बघितल्या. बऱ्या आहेत."

"दार किती वेळा उघडलंस?"

"एकदा."

"खोटं," तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस. हसत होतीस. ते आपलं शेवटचं बोलणं. मला आणखी काहीतरी मिळायला हवं होतं असं वाटतं. तुझ्या भावाशी तू दुसऱ्या दिवशीही बोललीस म्हणे. मी त्याच्यावरही जळते.

उरणला तुझ्या घरी मी आईला घेऊन आले. बायका आत बसल्या होत्या. तुझ्या अम्मीने मला आधी कधी बघितलं नव्हतं, पण दारातच ओळखलं. "तू सुवर्णा नं? बस गो पोरी. पानी पी आधी." मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ती म्हनायची, अम्मी, लॅबमंदी सगली माझी तारीफ करतात. ही एकलीच माझी चूक शोधत बसते. हिला पटलं ना, का मंग समज ता खरं हाय."

हे तू मला का नाही सांगितलंस? चहा आणायचीस, माझ्या आईचा लसूण सोलायचीस, आणि एवढं एक वाक्य उरणला ठेवून यायचीस. मला ते मिळालं असतं तर मी तुझ्यावर जरा कमी जळले असते. कदाचित म्हणूनच दिलं नसशील.

लॅबमध्ये सभा झाली. प्रत्येकाकडे एकेक नफीसा होती. सरांना तू कधी तरी गझल म्हणून दाखवली होतीस. कॅन्टीनवाल्या अण्णांच्या मुलीला तू बारावीचं जीवशास्त्र शिकवलं होतंस. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी कोपऱ्यात बसून हिशेब करत होते की तू हे सगळं केलंस कधी, आणि माझ्या वाट्याला काय आलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठले, "ती प्लेट नीट धरायची" एवढंच बोलले आणि बसले.

तुझ्या प्लेटींचं काय करायचं, हे सरांनी विचारलं तेव्हा मात्र मी कुणाला तोंड उघडू दिलं नाही. मी घेते म्हटलं. तुझ्या आधाराच्या पेशी मी वाढवल्या. तुझ्या हूडवर नाही, माझ्याच. पहिल्या खेपेला सगळं प्लेटच्या तळापासून सुटून वर आलं, मेलं. दुसऱ्या खेपेला मी फोन बाहेर ठेवला. प्लेट पातेल्यासारखी उचलली. इन्क्युबेटरच्या दारापाशी जाऊन हात मागे बांधून परत फिरले, कितीदा तरी. मग मुलांच्या पेशी त्यावर सोडल्या, माझं औषध घातलं आणि थांबले. मला थांबता येतं, नफीसा. तुला दाखवायला हवं होतं.

ठरलेल्या दिवशी प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली. त्या जिवंत होत्या. आधाराच्या पेशींच्या खाली, कडेला बिलगून, गोल, चमकदार. माझ्या हाताला पहिल्यांदा पेशी अशा जगल्या होत्या, आणि त्या जगल्या म्हणजेच माझं औषध हरलं होतं. मी स्टुलावर बसून राहिले. आनंद झाला होता, तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. मुलं बरी होणार नव्हती त्या औषधाने. निदान एकट्या त्या औषधाने नाही. तो आधार कसा तोडायचा ते शोधावं लागणार, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या भाषेत, वर्षं वाचली.

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या दारात ते कंटेनरवाले गृहस्थ भेटले. मुलगी तपासणीला आली होती. तिने मला ओळखलं, "काजळवाल्या ताईंच्या बॉस" म्हणाली. तिला आता केस आलेत. बोटभर, दाट, उभे. तुझ्याबद्दल वडिलांनी तिला सांगितलं नव्हतं, त्यांनी मला डोळ्यांनीच नको म्हटलं. तिने माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला, बघा म्हणून. ते केस माझ्या तळव्याला टोचले. मी हे बघितलं आणि तू नाही. माझ्याकडे असलेलं आणि तुझ्याकडे नसलेलं असं पहिल्यांदाच काही झालं, आणि मला ते तिथल्या तिथे तुझ्या हातात द्यावंसं वाटलं.

सर म्हणतात, आता लेख लिहायला घे. दोघींची नावं बरोबरीने, तुझ्या नावापुढे एक बारीक खूण. लेखक हयात नसला की ती खूण घालतात, ते आपल्याला माहीत आहे. मी म्हटलं, तिचं नाव आधी घाला. सर म्हणाले, वर्णानुक्रमानेही तिचंच आधी येतं. तिथेही तूच.

तू बरोबर होतीस. एकदाच म्हणते, पुन्हा म्हणणार नाही.

पण सगळ्या नमुन्यांत नाही. एका मुलाच्या पेशी आधार असूनसुद्धा मेल्या. मी तीनदा करून बघितलं, तुझ्याच पद्धतीने, माझ्या हाताने. तीनदाही मेल्या. त्या एका मुलात माझं औषध चालतंय, आणि का चालतंय ते मला अजून कळलेलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, त्या प्लेटमध्ये आधार नीट धरला नसेल. मी म्हटलं असतं, धरलाय, येऊन बघ. मग तू आली असतीस, डोळा लावून बराच वेळ बघितलं असतंस आणि काहीतरी खुसपट काढलं असतंस. काढ ना. मी उत्तर तयार ठेवलंय. या एका नमुन्यावर मी तुला सोडलं नसतं.